जांभळ्या बाजरीची राखण

२ एप्रिल २००६, रविवार

गवत लावायचं म्हणे. मागे एवढं हिरवं गवत पसरलं आहे, ते कापायला दर पंधरवड्याला माणूस येतो, आणि शेजारची मॉरीन आज कुंपणावरून बियांचं पाकीट देऊन गेली तेही गवताचंच. एका वर्षाचं असतं, शोभेचं असतं, पानं जांभळी होतात, डॉक्टरांच्या हाताला काम मिळेल, म्हणाली. मॉरीनचा हेतू चांगला आहे. जानेवारीत यांना स्ट्रोक आला, तेव्हापासून ती दर रविवारी काही ना काही आणून देते. मागच्या रविवारी केक होता, तो बरा होता.

यांच्या हाताला काम म्हणजे डाव्या हाताला. उजवा हात मांडीवर ठेवला की तिथंच राहतो. चालणं काठीनं होतं. डोकं साफ आहे. पेपर वाचतात, बातम्या कळतात, टीव्हीवर कुणी चुकीचं बोललं की एक भुवई वर जाते. फक्त शब्द येत नाहीत. एकही नाही. मेडनहेडहून रोज स्लाऊच्या दवाखान्यात जाऊन या माणसानं मराठी, हिंदी, पंजाबी आणि इंग्रजीत लोकांची दुखणी ऐकली आणि औषधं सांगितली. आता तोंडातून निघतो तो 'अं'. मला त्या 'अं'चे सगळे अर्थ कळतात. पाण्याचा वेगळा, बाथरूमचा वेगळा, टीव्ही बंद कर म्हणायचा वेगळा.

दर गुरुवारी हिलरी येते, स्पीच थेरपिस्ट. 'ज्ञानेश्वर' म्हणताना तिची जीभ अडखळते, पण यांना नावानंच हाक मारते. ती म्हणते, जे परत यायचं ते बहुधा पहिल्या वर्षात येतं. मी देव पाण्यात घालून बसले आहे. मला दुसरं काही नको, हे बोलले पाहिजेत. पूर्वी दिवसभराचं सगळं संध्याकाळी यांना सांगायचे. आताही सांगते, पण उत्तर येत नाही, म्हणून इथं लिहायला घेतलं आहे.

९ एप्रिल

आज पाकीट फोडलं. जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरला, दह्याचे रिकामे डबे घेऊन त्यांत कंपोस्ट भरलं. यांच्या डाव्या तळहातावर बिया ओतल्या आणि म्हटलं, टाका. टाकल्या नाहीत. हात डोळ्यांजवळ नेला, एक दाणा अंगठ्यानं फिरवला आणि उचलून पुढच्या दातांनी फोडला. मी म्हटलं, अहो, बियाण्याला औषध लावलेलं असतं, थुंका. थुंकले, पण माझ्याकडे बघून हसले. जेवढा चेहरा हलतो तेवढ्या चेहऱ्यानं, पण पुरते हसले.

मग मीही चष्मा लावला. बाजरी. पाकिटावर लॅटिन काय, इंग्रजी काय, पण दाणा बाजरीचा. हे पारनेरकडचे, कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, यांना कळणारच. मी गिरगावातली, मला बाजरी ठाऊक ती पिठाच्या पिशवीतली. आपण जी भाकरीत थापतो ती हे लोक शोभेला लावतात, यावर मला इतकं हसू आलं की लेकीला, नीनाला, ग्लासगोला फोन करून सांगितलं.

पेरणी मीच केली. यांचा हात थरथरतो, बिया सांडल्या असत्या. चिमूट चिमूट भरून टाकली. हे मध्येच बोटं फाकवून दाखवायला लागले, पुन्हा पुन्हा, तोंडानं अं अं. म्हटलं हो हो, पाणी घालते आहे. घातलं.

१७ एप्रिल, सोमवार

ईस्टरची सुट्टी म्हणून नीना आली होती, आज दुपारच्या विमानानं गेली. डब्यांत बाजरी दाट उगवली आहे. हिरवीगार. जांभळ्याचं नाव नाही. मॉरीनला कुणीतरी फसवलेलं दिसतं.

नीनानं जेवताना विषय काढलाच. तिच्या गल्लीत तळमजल्याचा फ्लॅट आहे. तिथली म्हातारी, मिसेस लेनी, ऑक्टोबरात स्वतःच्या मुलाकडे राहायला जाणार आहे आणि तोवर फ्लॅट आपल्यासाठी राखून ठेवायला तयार आहे. "आई, क्लिनिकमधून मी पाच मिनिटात तुमच्याकडे येईन. इथे तुम्ही दोघं एकटे. काही झाला तर?"

मी म्हटलं, बाबांना हे घर सोडवणार नाही. तेहतीस वर्षं इथं काढली, आता त्या पावसात कुठं न्यायचं त्यांना?

"बाबाला काय वाटतो ते बाबाला विचार ना."

मी म्हटलं, मला ठाऊक आहे त्यांना काय वाटतं. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर विचारावं लागत नाही. यांनी टेबलावर डावा हात आपटला. बघ, म्हटलं, त्यांना विषयसुद्धा नको आहे. दातांची डॉक्टर असूनही ओठ घट्ट मिटून बसायची नीनाची सवय लहानपणापासूनची आहे.

२६ एप्रिल

आज मला रडू आलं. आंघोळ करून बाहेर येते तर हे खिडकीशी उभे, काठी भिंतीला टेकवलेली आणि डाव्या हातानं डब्यांतली रोपं उपटून काढताहेत. निम्म्याहून जास्त उपटली होती. टेबलावर ढीग. प्रत्येक डब्यात तीन-चार तेवढी उरलेली. मी हात धरला. यांनी सोडवून घेतला आणि आणखी एक उपटलं, अगदी शांतपणे.

मी बोलले, नको तितकं बोलले. एवढी मेहनत करून वाढवलेली रोपं, आणि हे तुम्ही काय मांडलंय. मग वाटलं, डोकं साफ आहे असं मी समजते, तसं नसेल तर? उपटलेली रोपं पुन्हा डब्यांत खोचली. हे खुर्चीत बसले आणि पेपर तोंडासमोर धरला.

२७ एप्रिल

हिलरीला कालचं सांगितलं. तिला बागेतलं काही कळत नाही, तिनं नुसतं लिहून घेतलं. मग यांना चहाच्या कपाचं चित्र दाखवलं आणि विचारलं, हे काय? मी म्हटलं, अहो, कप. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मिसेस औटी, विचारायचं आणि थांबायचं. उत्तर नाही आलं तरी थांबायचं. फार वेळ वाटेल, तरी."

थांबले. यांच्या कपाळावर घाम आला, शब्द काही आला नाही. बायको समोर आणि नवरा असा परीक्षेला बसलेला, मला ते बघवेना. मी चहा करायला उठले. मी खोचलेली रोपं सगळी मान टाकून पडली आहेत. यांनी ठेवलेली तेवढी ताठ आहेत.

१४ मे

आमचं भांडण चालू आहे. एकाला बोलता येत नसतानाही भांडण होतं, हे मला नवीन आहे. मी रोपं दह्याच्या डब्यांतून लहान कुंड्यांत हलवून खिडकीत ठेवली आहेत. हे रोज सकाळी एकेक कुंडी छातीशी धरून, काठी काखेत मारून, बाहेर फरशीवर नेऊन ठेवतात. पडले तर? मी पुन्हा आत आणते. बाहेर गारठा आहे, वारा आहे, मेच्या मध्यात मला अजून स्वेटर लागतो. बाजरी कुठली, देश कुठला, तिला इथला वारा कसा सोसेल?

एक कुंडी बाहेर राहून गेली होती, बाकाखाली. आज सापडली. तिची पानं कडेनं जांभळी झाली आहेत. यांनी ती माझ्या नाकासमोर धरली. मी म्हटलं, थंडीनं काळवंडली असेल.

३० मे

खिडकीतल्या बाजरीला कणसं आली. वीतभर उंचीला. बोटाएवढी कणसं, दाणा धरणार नाही अशी. मॉरीनला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, फार दिवस लहान कुंडीत आणि आत ठेवलं की असं होतं, मुळांना जागा मिळाली नाही की झाड घाईघाईनं तुरा काढतं आणि वाढ संपते. पाकिटावर मागे लिहिलं आहे, म्हणाली. पाकीट मी कधीच टाकून दिलं.

मला वाईट वाटलं. मी तर जिवापाड जपलं. यांनी चोरून बाहेर ठेवलेल्या आणि मला न सापडल्यामुळे बाहेरच राहिलेल्या अशा सात-आठ कुंड्या निघाल्या, शेडमागे. ती रोपं काळसर जांभळी, जाड देठाची. हे मला शेडमागे घेऊन गेले आणि काठीनं दाखवलं. चेहऱ्यावर 'बघ' असं काही नव्हतं, ते असतं तर मी रागावले असते.

४ जून

लावणी झाली. मागच्या कुंपणालगत माळीबुवांकडून हिरवळीची एक पट्टी काढून घेतली. हे खुर्चीत बसून काठीनं जागा दाखवत होते. दोन रोपांत काठीच्या मुठीपासून मधल्या गाठीपर्यंत अंतर. मला वाटलं फार लांब लांब होतंय, ओकंबोकं दिसेल. पण बोलले नाही, कणसांच्या प्रकरणानंतर मी जरा दबकून आहे.

पाणीटंचाई म्हणून होजपाइपला बंदी आहे यंदा. बाथटबमधलं पाणी झारीनं नेऊन घालते. मॉरीन म्हणते हे एकच झाड या उन्हाळ्यात खूश होणार.

२० जुलै, गुरुवार

कालच्या उन्हाबद्दल रेडिओवर दिवसभर तेच चाललं आहे. जुलैत कधी नव्हे एवढं ऊन या देशात पडलं म्हणे. बाजरी माझ्या खांद्याला लागली आहे आणि इतकी गडद झाली आहे की मागच्या गल्लीतून जाणारे लोक थांबून बघतात.

काल पाणी घालताना मला थोडी चक्कर आली. झारी घेऊन गेले आणि पुढचं आठवत नाही. हे सावलीत बसले होते. हाक मारता येईना, मला उचलता येईना. काठीनं पत्र्याची झारी बडवत राहिले, तो आवाज ऐकून मॉरीन कुंपणाला वळसा घालून आली. ती म्हणते मी बराच वेळ पडले होते आणि डॉक्टर बडवता बडवता गुडघ्यांवर आले होते. मॉरीनला वाढवून सांगायची सवय आहे. लिंबूपाणी प्यायले आणि बरी झाले.

संध्याकाळभर हे माझं मनगट डाव्या हातात धरून बसले, नाडी बघत. डॉक्टर तो डॉक्टरच. डोळ्यांतून पाणी येत होतं. स्ट्रोकनंतर असं कारणाशिवाय रडू येतं, आवरत नाही, असं हिलरीनं मागेच सांगितलं होतं. मी रुमालानं पुसत राहिले. नीनाला यातलं काही कळवलेलं नाही.

६ ऑगस्ट

नीनानं त्या फ्लॅटचा फोटो एप्रिलमध्येच पोस्टानं पाठवला होता, मी ड्रॉवरमध्ये टाकून दिला होता. आज सकाळी तो माझ्या बशीखाली सापडला. गेल्या आठवड्यात माझ्या उशीवर होता. हल्ली हे वस्तू कुठंही ठेवतात. पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवला.

दुपारी नीनाचा फोन आला. हो की नाही ते सप्टेंबरअखेरपर्यंत सांगा, असं मिसेस लेनी म्हणते आहे. मी म्हटलं, नाही. हे शेजारी बसले होते, त्यांनी रिसीव्हरकडे हात केला. मुलीचा आवाज ऐकायचा असेल म्हणून कानाशी धरला. खूप वेळ अं अं करत होते. नीना तिकडून "बाबा, आय कॅन हिअर यू, सांग, सांग" म्हणत होती. शेवटी यांनीच रिसीव्हर खाली ठेवला आणि बागेत गेले.

कणसं आली आहेत. हातभर लांब, आधी जांभळी, मग पिवळा फुलोरा आला तेव्हा हळद लावल्यासारखी दिसली. हे कणसावरून तळहात फिरवतात. मी खिडकीतून बघते. असे उभे असले की पाठीमागून पूर्वीचेच दिसतात. मग वाटतं, या माणसाला इथून उपटून कुठं नेणार?

२६ ऑगस्ट, शनिवार

उद्या गणपती. मोदकांचं सारण करून ठेवत होते तेव्हा बाहेरून ओरडणं ऐकू आलं.

कणसं दुधावर आली आहेत आणि पोपटांना पत्ता लागला आहे. इथं नदीकाठी ते हिरवे पोपट झाले आहेत आताशा, कुणाच्या पिंजऱ्यातून सुटलेले म्हणे, थव्यानं फिरतात. आठ-दहा एकदम बाजरीवर उतरले होते आणि हे काठी वर करून, मान मागे टाकून ओरडत होते, "हुर्रर्रऽऽ हाऽऽ! हाऽऽ रं हाऽऽ!" असा आवाज मी यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. दोन गल्ल्यांत ऐकू गेला असेल. मॉरीनचं डोकं कुंपणावर आलं, पलीकडच्या घरातली खिडकी उघडली. मी पिठाच्या हातानं धावत गेले आणि यांच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, अहो, लोक काय म्हणतील, गप्प बसा. आणि गप्प बसले. पोपट पुन्हा उतरले.

आत येऊन हात धुतले, गॅस लावला आणि मोदकाच्या पात्रात पाणी ओतताना कळलं मी काय केलं ते. तो 'अं' नव्हता. पात्र तसंच टाकून बाहेर गेले. म्हटलं, ओरडा, पुन्हा ओरडा. हे माझ्याकडे बघत राहिले. पोपट कणसं ओरबाडत होते आणि यांनी तोंड उघडलं नाही.

माझ्या हातानं मी तो आवाज बंद केला. आज देवासमोर बसवत नाही.

३१ ऑगस्ट

हिलरीला सांगायला धीर होईना, तरी सांगितलं. ती रागावली नाही. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं आणि तो आवाज कसा होता ते मला काढून दाखवायला सांगितलं. हॉलमध्ये उभी राहून मी, चौसष्ट वर्षांची बाई, हुर्र करून दाखवलं. यांची भुवई वर गेली.

लहानपणी हे शेतात राखण करायचे. मचाणासारख्या माळ्यावर चढून दिवसभर पाखरं हाकायची, ते काम घरातल्या पोरांचं. लग्न झाल्यावर एकदा सांगितलं होतं, मी गिरगावकरीण म्हणून मला त्यात फार रस नव्हता. हिलरी म्हणाली, लहानपणी अंगात मुरलेल्या हाका, गाणी, शिव्या, मोजणी हे मेंदूत वेगळ्या वाटेनं राहतं. शब्द गेले तरी ते कधी कधी उरतं. आणि ते आलं की त्याच्या मागून दुसरं काही येऊ शकतं. "त्यांना त्यांचं काम करू द्या. तुम्ही जवळ बसा. आणि मिसेस औटी, बोलू नका."

मी विचारलं, किती वेळ? ती म्हणाली, जमेल तेवढा. मला वाटलं तिला चेष्टा सुचते आहे, पण ती हसत नव्हती.

५ सप्टेंबर

रोज सकाळ-संध्याकाळ मागच्या पायरीवर बसते, तोंडाला कुलूप. वाटाणे सोलते, मेथी निवडते. पहिले तीन दिवस यांनी काठी नुसती हलवली. माझ्याकडे वळून बघायचे, मी मान खाली घालायचे. परवा एक लहानसं "हा" आलं. काल दोन-तीनदा. आज मोठ्यानं, त्या दिवशीसारखं, आणि पोपट उडून मॉरीनच्या छपरावर बसले. मॉरीननं टाळ्या वाजवल्या.

मला बोलायचं नव्हतं, मी रडले. त्यात आवाज होत नाही.

११ सप्टेंबर

"पोपट," म्हणाले. स्वच्छ. मग बराच वेळ गेला आणि "गेले" म्हणाले. जीभ दातांखाली धरून बसले होते मी, हो गेले म्हणायचं होतं. या गप्प बसण्यानं एक गोष्ट ध्यानात आली. यांचा शब्द निघायच्या आधी ओठ हलतात, हनुवटी थरथरते, तेव्हा वाटतं आता आला. तिथंच मी आजवर बोलत आले असणार. किती वेळा, याचा विचार करू नये असं ठरवलं आहे आणि दिवसभर तोच करते आहे.

१७ सप्टेंबर, रविवार

सकाळी पायरीवर बसले होते. कणसं आता काळी पडली आहेत, दाणा भरला आहे. यांनी एक कणीस मोडून डाव्या हातानं मांडीवर चोळलं, फुंकर घातली आणि तळहात माझ्यापुढे धरला. "अगं," म्हणाले, "खा."

अगं. जानेवारीपासून कुणी मला अगं म्हटलं नव्हतं. नीना आई म्हणते, मॉरीन प्रमो म्हणते, हिलरी मिसेस औटी म्हणते. दाणे कडक होते, मला चावता आले नाहीत, तोंडात धरून ठेवले.

नीनाला फोन केला. ती म्हणाली, "आई, मी येते. ऑक्टोबरच्या पहिल्या वीकेंडला. मिसेस लेनीला तोपर्यंत थांबवते." मी म्हटलं ये, पण फ्लॅटचं नको. ती म्हणाली, "यावेळी बाबाला विचारू. तू बोलायचं नाही." लेकीनं आईला असं सांगावं, पण मी हो म्हटलं. मला कसली भीती? आता हे स्वतःच्या तोंडानं सांगतील की घर सोडायचं नाही, आणि विषय कायमचा मिटेल.

७ ऑक्टोबर, शनिवार

नीना सकाळी आली. दुपारी ऊन होतं म्हणून तिघंही बाहेर बसलो. बाजरीची पानं वाळायला लागली आहेत, निम्मी कणसं पाखरांनी नेली. हे आता हाकत नाहीत सारखे. दिवसाला पंधरा-वीस शब्द येतात, जोडून येत नाहीत, एकेक करून काढावे लागतात.

नीना यांच्यासमोर गवतावर बसली. तिनं यांच्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाली, "बाबा, तुला ग्लासगोला यायचं आहे का? हो किंवा नाही, काहीही चालेल. टेक युअर टाइम."

ओठ हलले. हनुवटी थरथरली. मी दोन्ही हात पदराखाली घट्ट धरले होते. नीना हलली नाही. तिचं मराठी तोडकं असल्यानं असेल, तिला वाट बघायची लाज वाटत नाही.

"जाऊ," म्हणाले.

मला वाटलं शब्द चुकला. हो आणि नाहीची अदलाबदल होते, हिलरीनं सांगितलं आहे. मी म्हटलं, अहो, ती घर सोडण्याचं विचारते आहे. हे घर. नीट ऐकलंत का? नीना म्हणाली, "आई, प्लीज." यांनी डावा हात वर करून तिला थांबवलं आणि माझ्याकडे वळले.

"ऐकलं," म्हणाले. मग थांबले. कपाळावर तसाच घाम, एप्रिलमध्ये आला होता तसा, पण यावेळी मी उठले नाही. "मी... आधी... जाणार." नीनानं मान खाली घातली. "मग तू." पुन्हा थांबले, शब्द शोधत होते, आणि मला तो शब्द ठाऊक होता, माझ्या तोंडाशी आला होता, पण मी दिला नाही. "एकटी," म्हणाले. "इथं. नको."

काहीतरी अभद्र बोलू नका, असं मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मला राग आला होता, खूप राग आला होता, आणि कुणावर ते कळत नव्हतं. एवढे महिने मी नीनाला, मॉरीनला, हिलरीला, सगळ्यांना सांगत आले की यांना इथंच राहायचं आहे. ते खोटं होतं का? मी या माणसाला एवढंही ओळखत नाही का? नीना आत जाऊन चहा करू का म्हणाली. मी म्हटलं बस.

मग मी विचारलं. अगदी सावकाश विचारलं. म्हटलं, "माझं राहू द्या. तुम्हाला काय हवं होतं? तुम्हाला इथंच राहायचं होतं ना?"

आणि थांबले. मॉरीनच्या घरात रेडिओ लागला होता, तो मधेच बंद झाला. यांनी बाजरीकडे बघितलं, घराकडे बघितलं, वर बेडरूमच्या खिडकीकडे बघितलं. मला वाटलं आता येणार नाही उत्तर, विचारायलाच नको होतं.

"होतं," म्हणाले.

मी उठून यांच्याजवळ गेले, कपाळ पदरानं पुसलं. मग नीनाला म्हटलं, मिसेस लेनीला फोन कर, सांग आम्ही येतो.